तुम्हाला कुठलंही चालेल

"तुमचं बरं आहे गं. तुम्हाला कुठलंही चालेल."

वहिनी हे बोलल्या तेव्हा मी त्यांच्याच डायनिंग टेबलावर त्यांच्याच लग्नाच्या दाखल्याच्या झेरॉक्स लावत बसले होते. आखातातलं रिफा गाव, आमच्या साहेबांचा बंगला. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं, आत एसी एवढा की मला पदर लपेटून घ्यावा लागत होता. माझ्यासमोर थर्माकोलच्या कपात चहा. वहिनींच्या हातात निळ्या फुलांची कपबशी.

मी काय म्हटलं होतं? एवढंच, की वहिनी, आम्हीपण लेकरू घ्यायचं ठरवलंय. आश्रमातलं. साताऱ्याकडच्या एका आश्रमाला मिस्टरांनी पत्र टाकलंय. मला वाटलं, बाईला बरं वाटेल. त्यांना मूल नाही, मला मूल नाही. दोघी दुसरीच्या पोटचं आपलं म्हणायला निघालेल्या. तेवढं तरी आमच्यात सारखं होतं, असं मी समजून चालले होते. कपाळ माझं!

"कुठलंही म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे तुमच्यात एवढं बघत नाहीत ना गं. आमच्याकडे सगळं करायचं असतं, सासूबाई आहेत. आपल्याकडच्या आश्रमातलं मूल म्हणजे बॅकग्राउंड काय असेल, कुणाचं निघेल, काही सांगता येतं का? चीनचं म्हटलं की तो प्रश्नच मिटला."

बॅकग्राउंड. जात हा शब्द त्या घरात कुणी कधी तोंडातून काढला नाही. शिकलेली माणसं ना! बॅकग्राउंड म्हणायचं, संस्कार म्हणायचं, 'तुमच्यात' म्हणायचं. मी स्टेपलर दाबत राहिले. एक पिन वाकडी गेली, ती काढून परत मारली.

आता हे सगळं काय होतं ते सांगते. आमची कंपनी सलमाबादला. मोठमोठ्या इमारतींना एसी बसवायचं काम. साहेब तिथले मॅनेजर, पुण्याचे. मी त्यांची सेक्रेटरी. आमचे मिस्टर त्याच कंपनीत टेक्निशियन. आम्ही दोघं फलटणकडचे, राहायला जिदहफ्सला, मार्केटच्या मागच्या गल्लीत. कुवेतची लढाई संपून चार-पाच वर्षं झाली होती आणि कामाला तोटा नव्हता.

साहेब मधली काही वर्षं कॅनडात राहून आलेले. पासपोर्ट तिकडचा. त्या दिवसांत कॅनडाची, अमेरिकेची जोडपी चीनमधून मुली दत्तक आणत होती. पस्तिशी ओलांडलेली, मूल नसलेली जोडपी चीन सरकारला चालत. आणि तिकडं मुलींना तोटा नव्हता. एकच मूल ठेवायचं असा कायदा, मग मुलगी झाली की पहाटे बाजाराच्या दाराशी ठेवायची, नाहीतर दवाखान्याच्या पायरीवर. कुणीतरी उचलून आश्रमात नेऊन द्यायचं. अशी एक पोर साहेब आणि वहिनी आणणार होते.

त्याची फाईल मी केली. सगळी. जन्माचे दाखले, लग्नाचा दाखला, मेडिकल, पोलिसांचा दाखला, पगाराचा दाखला. प्रत्येक कागद आधी नोटरीकडं, मग मनामाला मिनिस्ट्रीत, मग चिनी वकिलातीत. एक शिक्का राहिला की परत पहिल्यापासून. मिनिस्ट्रीतला क्लार्क खिडकीतून मान हलवून "इंशाल्ला" म्हणायचा, म्हणजे आज होणार नाही. बाहेर ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" करत हॉर्न वाजवायचा. मी मात्र तिथंच उभी. कुणी सांगितलं होतं मला एवढं जीव लावून करायला? कुणी नाही. पण एकेक शिक्का बसला की मला वाटायचं, ती पोर एक पाऊल घराकडं आली. तिचं तोंड अजून कुणी पाहिलं नव्हतं. मला ते झोपेतसुद्धा दिसायचं.

'तुम्हाला कुठलंही चालेल' ऐकल्यावर खरं तर तिथंच उठायला पाहिजे होतं. उठले नाही. कारण आमचा एक कागद साहेबांच्या टेबलावर अडकला होता. आश्रमानं आमच्या नोकरीचा दाखला मागितला होता. दोघं कायम नोकरीत आहेत, वागणूक चांगली आहे, असं कंपनीच्या कागदावर लिहून, खाली साहेबांची सही. तो मीच टाईप करून ठेवला होता. त्या सहीशिवाय आश्रम आमचं नाव पुढं सरकवणार नव्हता. रोज सकाळी मी साहेबांचं टेबल पुसायच्या निमित्तानं बघायची. कागद तिथंच, तसाच.

मग एके दिवशी त्या बंगल्यात पुण्याच्या गुरुजींचा फोन आला. वहिनींनी स्पीकर लावला. गुरुजी सांगत होते, काही काळजी नको, दत्तकविधान केलं, होम केला, की मुलीला तुमचं गोत्र लागतं. थोडं गोमूत्र शिंपडून घ्या. वहिनींचा चेहरा असा खुलला की काय सांगू. फोन ठेवून मला म्हणाल्या, "बघ, किती सोपं आहे!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली.

घ्या! चीनमधल्या कुठल्यातरी बाजारात सापडलेली पोर. आई कोण, बाप कोण, ते काय खातात, काय करतात, कशाचा पत्ता नाही. तिला एका सकाळच्या होमात गोत्र. आणि माझी आजी? माझी आजी सुईण होती. गावातल्या अशाच घरांतल्या पोरांच्या नाळा तिनं कापल्या. रक्तानं भरलेलं लेकरू आधी तिच्या हातात यायचं, मग आईच्या. तोवर तिचे हात चालायचे. बाराव्या दिवशी बारसं असलं की तीच म्हातारी अंगणाबाहेर उभी. पाळण्याला हात लावायचा नाही. पोळी वरून टाकायची, तिनं पदरात झेलायची. तिला नाही कुणी होम करून काही लावून दिलं. हजारो वर्षं त्याच मातीत राहून जे आम्हाला लागलं नाही, ते चीनच्या पोरीला विमानातून उतरल्या उतरल्या लागणार होतं.

तेव्हा मला नीट कळलं. यांना कुणाचंही मूल चालणार होतं. फक्त आमचं नको होतं. आमचं चुकून हाती येऊ नये म्हणून ही माणसं चीनला निघाली होती.

घरी येऊन मिस्टरांना सांगितलं. ते चपात्या भाजत होते. म्हणाले, "आपली सही होऊ दे. मग खलास. परत त्या बंगल्याची पायरी चढू नको."

पण पायरी चढायला लागली. फाईलमध्ये एक शेवटचा भाग राहिला होता. एक इंग्रज बाई घर बघायला येणार होती. समाजसेविका. घर कसं आहे, माणसं कशी आहेत, पोरीला नीट सांभाळतील का, याचा रिपोर्ट ती कॅनडाला पाठवणार आणि मग तो चीनला जाणार. तिला साहेबांच्या मित्रमंडळींशिवाय आणखी एक माणूस भेटायला हवं होतं, रोजच्या कामातलं.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले. साहेब मला कधी बसा म्हणत नाहीत.

"तुम्ही या त्या दिवशी. दोन शब्द चांगले बोला. आणि तुमचा तो दाखला आहे ना, त्याच दिवशी सही करून टाकतो."

गोड हसले. धमकी नाही, काही नाही. माझं लेकरू त्यांनी नुसतं टेबलाच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला सरकवलं. मी "येते साहेब" म्हणून बाहेर आले.

त्या दिवशी मी ठेवणीतली साडी नेसले. तोंड गोड करायचं, सही घ्यायची, निघायचं, असं मनाशी घोकत गेले. दारातून आत शिरले आणि बघते तर काय, शोकेसमध्ये बुद्ध! नवाकोरा. मनामाच्या बाजारातून आणलेला, खाली किमतीचं स्टिकरसुद्धा अर्धं तसंच. चीनची मुलगी येणार, तिच्या संस्कृतीचा आम्ही मान राखतो, हे त्या इंग्रज बाईला दिसायला हवं ना! एका बाजूला टीव्हीचा रिमोट, एका बाजूला चॉकलेटचा डबा, मध्ये बुद्ध.

साहेब म्हणवणाऱ्या ह्याच माणसाकडं मी जयंतीची रजा मागितली होती. तेव्हा हसून म्हणाला होता, "ते तुमचं जयभीमवालं ना? अर्धा दिवस पुरेल."

इंग्रज बाई सोफ्यावर बसली होती. पिकलेले केस, मांडीवर पॅड. वहिनींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आजवर कधी न ठेवलेला. आणि इंग्रजीत म्हणाल्या, "आमच्या घरात बौद्ध धर्माबद्दल फार आदर आहे. आमची सेक्रेटरीच बुद्धिस्ट आहे. ती आमच्या घरातलीच."

आणि मला चहा आला. निळ्या फुलांच्या कपबशीत.

मी त्या कपाकडं बघतच राहिले. काल-परवापर्यंत मी 'तुमच्यात' होते. आज एकदम बुद्धिस्ट झाले. शोकेसमधल्या मूर्तीसारखी मलाही आणून मांडली होती. चांगले दोन शब्द वगैरे निमित्त, मी बुद्धाची आहे एवढंच त्यांना त्या बाईला दाखवायचं होतं.

बाईनं अगदी साधा प्रश्न विचारला. "मुलगी आली की ती तुमच्या घरी येईल? जेवेल तुमच्याकडे?"

"ऑफ कोर्स!" वहिनी.

बाई म्हणाली, "मी यांना विचारते आहे."

माझं इंग्रजी टायपिंगचं. साधं. पण त्या दिवशी अडलं नाही. मी सांगितलं, "हे लोक माझ्या घरी कधी आलेले नाहीत. माझ्या हातचं पाणी प्यालेले नाहीत. मला इथं रोज फेकून द्यायच्या कपात चहा मिळतो. हा कप मी आज पहिल्यांदा हातात धरलाय, तुम्ही आलात म्हणून."

साहेब हसायचा प्रयत्न करत होते. मी थांबले नाही.

"यांना आमच्या देशातलं मूल नकोय. ते माझ्यासारख्यांचं निघेल अशी भीती आहे. म्हणून चीन."

वहिनींचा हात खांद्यावरून निघाला. चटका बसल्यासारखा. साहेब घाईघाईनं इंग्रज बाईला म्हणाले, "प्लीज, मनावर घेऊ नका. शी हॅज नो चिल्ड्रन. त्याचा तिला त्रास होतो."

मी मराठीत म्हटलं, "साहेब, तुम्हालापण नाहीत."

इंग्रज बाईनं चष्मा काढला. म्हणाली, "भारतातलं हे सगळं आता संपलं, असं मी ऐकून होते."

म्हटलं, "भारतातलं माहीत नाही मॅडम. रिफात नाही संपलं."

मग तिनं विचारलं, हे वाईट आईबाप होतील असं तुम्हाला म्हणायचंय का? मी म्हटलं, नाही. पोरीला दूध देतील, कपडे देतील, चांगल्या शाळेत घालतील. तिच्याशी माझं भांडण नाही. पण यांच्यासाठी चांगला शब्द माझ्याकडून मिळणार नाही. पॅड पुढं केलंत तरी मी सही करणार नाही.

कपबशी तशीच ठेवून उठले. चहाला तोंडसुद्धा लावलं नाही. दारापर्यंत वहिनी मागं आल्या. दातओठ खात म्हणाल्या, "तुम्हा लोकांना कितीही जवळ केलं ना..."

मी चपला घातल्या आणि टॅक्सी शोधायला रस्त्यावर आले.

घरी आल्यावर मिस्टरांसमोर मात्र अवसान गळालं. म्हटलं, "अहो, दाखला गेला. आपलं लेकरू गेलं माझ्या तोंडापायी." आणि रडले. खूप रडले. ते म्हणाले, "जाऊ दे. असल्या सहीवर आलेल्या लेकरानं उद्या आपल्याला तोंड वर करून विचारलं असतं, काय दिलंत माझ्या बदल्यात? तर काय सांगितलं असतं?"

साहेबांचं काही अडलं नाही. माझ्या जागी इथल्या मराठी मंडळाचे एक पदाधिकारी जाऊन चांगले शब्द बोलून आले. त्यांना नेहमीच कपबशी मिळते. फाईल गेली. यंदाच्या गणपतीत मुलगी मंडळात आली. परकर-पोलकं, कपाळाला टिकली, इवलेसे डोळे. सगळ्या बायका तिला घ्यायला धावल्या. तिला गोत्र लागलंय म्हणे. माझ्याकडं बघून हसली ती. मीही हसले. ती पोर आहे, तिला काय ठाऊक कुणाला टाळायला तिला आणलंय.

मी आता साहेबांच्या केबिनबाहेर बसत नाही. मला स्टोअरला टाकलंय, पाईपा आणि पत्र्यांमध्ये. मिस्टरांच्या व्हिसाचं विचारलं की साहेब 'बघू' म्हणतात. आमचा दाखला तसाच पडलाय, बिनसहीचा. कदाचित आम्हाला परत जावं लागेल. गेलो तर तिथं दुसरी नोकरी शोधू, दुसरा दाखला आणू. एका आश्रमानं नाही म्हटलं तर दुसऱ्याच्या दारात उभं राहू. लेकरू घेतल्याशिवाय मी मरणार नाही.

आणि तिथली बाई विचारेलच, कसं हवं? गोरं हवं का, मुलगा हवा का? मी सांगणार, कुठलंही. तुमच्याकडं जे कुणी मागत नाही, ज्याच्यापाशी येऊन जोडपी पुढं सरकतात, ते द्या. वहिनी, तुम्ही बरोबर बोललात. आम्हाला कुठलंही चालतं. ते घरी आलं की त्याचं बारसं मी घालणार, आणि पाळण्याला पहिला हात माझ्या आजीच्या नावानं लावणार. पुढं कुणी आलं, सोफ्यावर बसलं आणि विचारलं की ह्याचं बॅकग्राउंड काय, तर त्या माणसाला मी दार दाखवणार. थर्माकोलच्या कपातसुद्धा चहा देणार नाही.