तिवरांतलं गाऱ्हाणं

लग्नाच्या वाढदिवसाला लेकीने आम्हा दोघांना बोरिवलीच्या खाडीकाठचं जंगल भेट दिलं. म्हणजे तिकिटं. तिवरांमधून चालायचं, मग सायकल, मग दोघांनी मिळून वल्हवायची होडी. मालाडच्या आमच्या घरात तिने मोबाइल माझ्यासमोर धरला तेव्हा मी हसले. मनात म्हटलं, बाई गं, त्यापेक्षा एक दिवस नुसतं झोपायला दे.

नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यापासून मी धड झोपलेच नव्हते. त्याचा पाय सुधारला, डावा हात मात्र अर्धाच परत आला. अंघोळ, औषधं, व्यायाम, त्याची चिडचिड, सगळं माझ्या अंगावर. वर कुणी विचारलं तर मस्त चाललंय म्हणायचं. तो खाली वाण्याकडेसुद्धा जाईना. लोक हाताकडे बघतात म्हणे. खाडीला मात्र पटकन तयार झाला, कारण लहानपण मालवणात पाण्यातच गेलेलं. आज फजिती झाली तर हा पुन्हा उंबरा ओलांडणार नाही आणि त्याच्यासोबत मीही कोंडली जाईन, हे मला पक्कं ठाऊक होतं.

लाकडी पायवाटेवर तो सारखा थांबत होता. चिखलातले खेकडे दाखवायचं निमित्त करायचा, पण दम लागलेला दिसत होता. सायकली आल्या तशी त्याने मान फिरवली.

"राहू दे रे, मलाही जिवावर आलंय," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

होडीपाशी मात्र हट्टाला पेटला. "मी मागे बसणार."

"अरे, मागच्याला होडी वळवावी लागते."

"म्हणूनच. आमच्याकडे होडी हाकणारा तांडेल मागेच बसतो."

एवढं बोलून आमचे तांडेल मागे बसले. काठावरच्या माणसाने आम्हाला ढकलून दिलं आणि थोड्याच वेळात होडी डावीकडे वळत वळत तिवरांत घुसली. त्याच्या डाव्या हाताने वल्हं धरवत नव्हतं. मी पुढून दोघांचा जोर लावून बाहेर काढायची, ती पुन्हा आत. ऊन, चिखलाचा वास, खांद्यात कळा. शेवटी माझा तोल सुटला.

"मी दमलेय रे! खरंच दमलेय. इथंही तुझं वल्हं मीच मारू का?"

त्या अरुंद होडीत मला वळूनही बघता येईना. वाटलं, संपलं, आता हा घरी जाऊन दार लावून घेणार.

मग तो बोलू लागला. गाऱ्हाणं घालत होता.

आमच्या कोकणी घरांत कुठल्याही कामाआधी घरातला मोठा माणूस देवाला मोठ्याने साकडं घालतो आणि बाकीच्यांनी "व्हय महाराजा" म्हणायचं असतं. त्याशिवाय ते पुरं होत नाही. आजारपणापासून त्याने ते सोडलं होतं. घरी दिव्यापुढे मीच पुटपुटायची, याला बरं कर, आणि व्हयही मीच म्हणायची.

"बा देवा महाराजा, तुझी लेकरां आज तुझ्या पाण्यात उतरली हत. हिना माझा खूप केल्यान. आता हिच्या हाताक जरा विसावो दी रे महाराजा."

माझ्यासाठी कुणी काही मागेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. व्हय म्हणायचंही राहून गेलं.

"म्हण ना गं," तो मागून म्हणाला. "अर्धं राहिलंय."

"व्हय महाराजा," मी म्हटलं आणि वल्हं मांडीवर आडवं ठेवून रडले.

मागे त्याने वल्हं पाण्यात मारलं. एकदा, मग बऱ्याच वेळाने पुन्हा. होडी वाकडीतिकडी, तिवरांना घासत निघाली. मी माझं वल्हं उचललं नाही.