दावणीची फटफटी

आमच्या घरात कुणी आणलेली वस्तू सरळ तोंडात जात नाही. आधी तिचा वास घेतला जातो. दूध असेल तर एक थेंब नखावर घेऊन तो कसा ओघळतो ते पाहिलं जातं, आणि पेढा असेल तर देणाऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं जातं. ही खोड वडलांची. ते तालुक्याच्या दूध संघात सुपरवायझर होते. गावोगावच्या सोसायट्यांवर जाऊन दूध तपासायचं आणि पाणी सापडलं की कॅन परत पाठवायचा, ही त्यांची नोकरी. नोकरी गेली, संशय घरात राहिला, आणि वारसाहक्कानं तो माझ्याकडे आला.

त्या नोकरीसाठी त्यांच्याकडे एक फटफटी होती. दौऱ्याची गाडी. वजनदार, दोन्ही बाजूंना नमुन्याच्या बाटल्या ठेवायच्या लोखंडी पेट्या आणि मागं रुंद कॅरिअर. सिरसाळ्यापासून दिंद्रुडपर्यंत तिचा आवाज आला की लोक म्हणायचे, "आला बघा डिग्रीवाला." दुधातलं पाणी पकडायला त्यात डिग्री बघायची नळी सोडणारा, म्हणून डिग्रीवाला. काही जण आवाज ऐकूनच घाईघाईनं कॅन बदलायचे म्हणे. हे वडीलच सांगत, त्यामुळे खरं किती याची मला शंका आहे.

दुष्काळाच्या एका वर्षी ह्याच डिग्रीवाल्यानं, आमच्याच गावच्या सोसायटीत, रांगेतल्या सगळ्यांसमोर सख्ख्या थोरल्या भावाचा कॅन परत केला. माझे चुलते, त्यांना आम्ही मोठेबाबा म्हणतो, समजावून सांगत होते की जनावरं उसाच्या वाढ्यांवर, नुसत्या शेंड्यांवर जगतायत, दूध पातळच निघणार. वडील म्हणाले, "डिग्री खोटं बोलत न्हाई." मोठेबाबांनी अख्खा कॅन सोसायटीच्या दारात ओतला आणि घरी गेले. त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद.

पुढं चारा संपला, दूध आटलं. आधी गावची सोसायटी बंद पडली, मागोमाग संघ. वडील आम्हाला घेऊन बीडला जायला निघाले. फटफटीची क्लचप्लेट जळालेली, दुरुस्त करायची ऐपत नव्हती. तेव्हा मोठीमाय, म्हणजे मोठेबाबांची बायको, म्हणाली, "राहू दे आमच्या गोठ्यात. बैल तर इकले. दावण रिकामीच हाय." मोठीमायनं वडलांना लहानाचं मोठं केलेलं. माझी आजी लवकर गेली, आणि ही लग्न होऊन घरात आली तेव्हा वडील तिच्या कमरेएवढे होते. तिचा शब्द त्यांना मोडवला नाही. गाडी ठेवली, पण घरी आल्यावर आईला म्हणाले, "बघ तू. तो गाडी शाबूत ठेवायचा न्हाई."

मग बरीच वर्षं गेली. वडील गावाला गेले नाहीत. आणि एका उन्हाळ्यात मोठीमायचा निरोप आला: डोळ्यांपुढं धुरकट व्हायला लागलंय, दिसतंय तवर एकदा तोंड दाखवून जा म्हणावं.

वडलांनी निरोप ऐकला आणि अट घातली. माझ्या हातात गाडीची किल्ली देऊन म्हणाले, "जा, ती चालू करून आण. त्यानं ती नीट ठेवली असली तर तिच्यावर बसूनच गावात जाईन. नसली ठेवली, तर माझं मला कळलं." म्हणजे आता भावाचीच डिग्री बघायची होती, आणि नमुना म्हणून फटफटी. मला त्यांचा राग आला. तिकडं ती म्हातारी एकेक दिवस अंधारात जात होती आणि हे इथं परीक्षा मांडून बसलेले.

मला सवड होऊन मी गेलो तेव्हा पावसाळा निम्मा सरला होता, पण गावात अजून टँकर चालू होते. गोठ्यात फटफटी पोत्यांखाली उभी होती, आणि तिच्या पुढच्या चाकाला दावं बांधलेलं होतं. दाव्याचं दुसरं टोक खुंट्याला. मोटारसायकल चोरीला जाईल म्हणून कुणी दाव्यानं बांधतं का? पोती काढली. टायर बसलेले, साखळी गंजून काठीसारखी ताठ, सायलेन्सरमध्ये उंदरांनी घर केलेलं. पण हँडल आणि टाकीचा वरचा भाग मात्र चकचकीत, हात लावला तर तुपकट, आणि बोटाला पिवळं लागलं. बाकी सगळं मरून पडलेलं आणि एवढंच कसं जिवंत? कुणीतरी हिला हात लावतंय, हे माझ्या लक्षात आलं. विकायला तर काढली नव्हती?

मोठेबाबा दारातल्या बाजेवर बसून माझ्यावर नजर ठेवून होते. "पेट्या उघडून बघ," ते म्हणाले. "काय गेलं असलं तर आत्ताच सांग. मागनं नको."

मी खरंच उघडून पाहिल्या. बाटल्या जागच्या जागी होत्या. वडलांची डिग्रीची नळीही फडक्यात गुंडाळलेली तशीच. एवढं सगळं जागेवर असणं मला आणखी खटकलं.

सिरसाळ्याहून मिस्त्री बोलावला. त्यानं क्लचचं झाकण उघडलं, प्लग काढला, सिलिंडरमध्ये डिझेल सोडलं आणि ते मुरेपर्यंत टाकीकडे वळला. झाकण उघडून आत तार घातली. तार बाहेर आली ती तपकिरी, चिकट दोरे ओढत. टाकीच्या तळाशी डिंकासारखा थर बसला होता.

"ह्यात कुणीतरी काहीतरी घातलंय बघा," मिस्त्री म्हणाला. "साखर तर न्हाई?"

साखर! खुन्नस काढायला लोक दुसऱ्याच्या टाकीत टाकतात ती. आमच्याकडं हा शब्द ऐकल्यावर कुणाचंही डोकं एकाच दिशेला जातं. मोठेबाबा साखर कारखान्याचे सभासद. दर दिवाळीला त्यांच्याकडं सभासदांची साखर पोत्यानं यायची. मी वळून पाहिलं, तर मोठेबाबा बाजेवरून उठून निघून जात होते. नेमके तेव्हाच कसे उठले?

मी वडलांना फोन लावला. खरं सांगतो, त्यांच्या आवाजात राग कमी आणि समाधान जास्त होतं. "मी म्हणलं नव्हतं? घाल ती भंगारात. मी येत न्हाई." फोन ठेवला तर दारात मोठीमाय उभी. मी फोनवर बोलतोय, एवढंच तिला कळलं असावं.

"येतो म्हणला का रं?"

"बघू म्हणाले," मी सांगितलं. ती मान हलवून आत गेली.

तरी माझं मन भरेना. थोडा डिंक काडीवर घेऊन गरम पाण्यात ढवळला. विरघळला नाही. जिभेला लावून पाहिला, गोड तर नव्हताच, उलट खवट लागला. म्हणजे साखर नव्हती. पण साखर नाही म्हणून मोठेबाबा सुटले, असं थोडंच होतं? राळ असेल, लाख असेल. खोडी काढणाऱ्याला वस्तूंची काय कमी?

मिस्त्री टाकी आणि कार्बोरेटर धुवायला सिरसाळ्याला नेणार होता. जुना माल काढून दुसराच बसवायची त्या लोकांची सवय मला माहीत होती, म्हणून मी कार्बोरेटरवर खिळ्यानं गुपचूप एक खूण केली. मिस्त्रीनं ती पाहिली. "तुमी डिग्रीवाल्याचेच ना?" एवढं म्हणाला आणि पिशवीत माल भरून गेला.

दुसऱ्या दिवशी खांदेमळण होती, पोळ्याचा आदला दिवस. बैलांचे खांदे तुपा-हळदीनं मळायचे आणि त्यांना उद्याचं जेवणाचं आवतण द्यायचं. गावात बैलच मोजके उरलेले, त्यामुळे कुठं फारशी गडबड नव्हती. दिवस कलता मी गोठ्यात पोत्यावर बसून साखळीला तेल देत होतो. इतक्यात मोठीमाय भिंतीला खांदा घासत आत आली. तिच्या एका हातात वाटी होती, दुसऱ्यात तांब्या. मी तिला दिसलोच नाही.

ती सरळ फटफटीपाशी गेली. वाटीत बोटं बुडवून तिनं हँडल मळायला सुरुवात केली, आधी एक बाजू, मग दुसरी. बैलाचा खांदा मळावा तसं, तळव्यानं, जोर देऊन. तोंडानं पुटपुटत होती, "लई राबलास बाबा, लई राबलास. उद्या जेवायला ये." मग तिचा हात सवयीनं टाकीच्या झाकणाकडं गेला, आणि रिकाम्या जागेतून खाली पडला.

"अगं बया!" ती घाबरून ओरडली. "ह्याचं तोंड कुठं गेलं?"

मी पुढं झालो. टाकी धुवायला नेलीय, असं सांगितलं. तिचा श्वास जरा खाली बसला. तांब्यात तेल दिसलं.

"मोठीमाय, तू त्यात तेल टाकत होतीस?"

"टाकीन कशापायी? पाजत हुते. बैलाला पाजतो का न्हाई करडीचं तेल? उभं राहून राहून आकडून जातंय जनावर."

"दर पोळ्याला?"

"मग? दावणीला दुसरं हाय कोण?"

करडीचं तेल उघडं राहिलं की दाटतं, बुधल्याच्या गळ्याला त्याचा डिंक होतो. आमच्या भागात हे शेंबडं पोर सांगेल. लहानपणी तो डिंक मी स्वतः नखानं खरवडलाय. पण मला साखर आठवली, राळ आठवली, लाख आठवली. तेल तेवढं आठवलं नाही.

"तेल मी आणून देतो तिला." मोठेबाबा दारात उभे होते.

"मग काल मिस्त्री साखर म्हणाला तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुझ्या बापाला खरं वाटलं असतं?" ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "तवा वाटलं का? आन् आता बी सांगू नको त्याला. म्हणंल, भावानं बायकोला शिकवलं."

मी तरीही फोन केला. सगळं सांगितलं, तोंड कुठं गेलं तेसुद्धा. वडलांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "करडीचंच का?" मी हो म्हणालो. "मला बघावं लागंल," ते म्हणाले.

पोळ्याच्या सकाळी ते एसटीनं आले. फटफटीची अट कुठं गेली, हे मी विचारलं नाही. घरात न शिरता आधी गोठ्यात गेले. हळदीनं पिवळं झालेलं हँडल पाहिलं, खुंट्याचं दावं पाहिलं. मोठीमाय आवाजानं बाहेर आली आणि त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बघत राहिली. मग दोन्ही हातांनी त्यांचे गाल चाचपले. "वाळलास की रं," म्हणाली. वडलांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि मलाही ते सोसवेना.

काहीतरी करायला हवं म्हणून असेल, त्यांनी कोनाड्यातली तेलाची बाटली उचलली. वास घेतला. थेंब नखावर घेतला, उन्हात धरला.

"ह्यात सरकीचं तेल हाय," ते भिंतीकडं बघून म्हणाले.

मोठेबाबा बाजेवर सरळ झाले. "काय?"

"भेसळ हाय, दादा. दुकानदारानं तुमाला फसवलं."

मोठेबाबांनी उठून बाटली हातात घेतली, वास घेतला. "मला वाटतच हुतं," ते म्हणाले. "त्याचं थोबाड मला कधी बरं वाटलं न्हाई."

"गाडी चालू झाली की जाऊ. मी इचारतो त्याला."

मिस्त्री दुपारी धुतलेली टाकी, कार्बोरेटर आणि नवी क्लचप्लेट घेऊन आला, टायर-ट्यूबही बदलले. कार्बोरेटरवर माझी खूण होती. किक मारून मारून आम्ही सगळे घामाघूम झालो, आणि मग करडीच्या धुराचा एक भपकारा सोडून ती पेटली. वडील पुढं बसले, मोठेबाबा मागं. तेलाची बाटली नमुन्याच्या पेटीत घातली. दोघं दुकानदाराला गाठायला दिंद्रुडच्या रस्त्याला लागले.

मोठीमाय माझ्या दंडाला धरून दारात उभी होती. तिला तेवढं लांबचं दिसत नव्हतं.

"दोघं हायेत का रं गाडीवर?"

"दोघं हायेत."

"खरं सांग. मला दिसत न्हाई म्हणून बोलत न्हाईस ना?"

मी पुन्हा सांगितलं, तरी तिला पटेना. आवाज पार ऐकू येईनासा होईपर्यंत ती तिथंच उभी राहिली.