पहिला तारा दाखवायला कोण येणार?

पनवेल, कामोठे आणि कळंबोलीतल्या आकाशमित्रांनो, आपल्या सगळ्यांची एक तक्रार आहे आणि ती खरी आहे. आपले आकाश आपल्या डोळ्यांदेखत नेले गेले. जासईकडे कंटेनरच्या यार्डांत उंच खांबांवर दिवे चढले आणि त्या बाजूचे क्षितिज कायमचे पिवळे पडले. कळंबोलीत ट्रकच्या तळांवर अंधार म्हणून उरला नाही. ध्रुवतारा तर आपल्याकडे मुळातच खाली, क्षितिजाच्या जवळ. उत्तरेला एक टॉवर उभा राहिला आणि तोही गेला. आपल्याला कोणी विचारले? या विषयावर मी पुष्कळ भाषणे ठोकली, टाळ्याही घेतल्या. पण प्रा. नलिनी खरे यांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी लिहायला बसलो आणि वाटले, आकाश नेणाऱ्यांवर बोलून झाले. आता गच्चीवर कोण उरले आहे, त्याबद्दल बोलावे.

नलिनीताईंची आणि माझी ओळख एका सूर्यग्रहणाच्या दिवशी झाली. ग्रहणाच्या भीतीविरुद्ध माझे व्याख्यान होते. सभागृह भरलेले, खिडक्या लावलेल्या, पंखे गरगरताहेत. ग्रहणाला भिऊन घरात दडून बसणाऱ्यांचा मी यथेच्छ समाचार घेत होतो. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "साहेब, भाषण छान चाललंय. पण ग्रहण बाहेर लागलंय आणि आपण सगळे आत दडलोय."

सभागृह खो खो हसले. बाई बाहेर गेल्या, त्यांच्यामागे निम्मे श्रोते गेले, शेवटी मीही व्यासपीठ सोडले. पटांगणात त्यांनी एका लहान दुर्बिणीतून सूर्याचे बिंब पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडले होते. एका बाजूने खाल्लेल्या बिस्किटासारखे ते दिसत होते. भल्याभल्यांनी माझ्या सभा उधळायचे प्रयत्न केले आहेत. एका वाक्यात माझे सभागृह रिकामे करणाऱ्या त्या एकट्याच.

नलिनीताईंनी सारी हयात महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवले. निवृत्तीनंतर त्यांनी मोठी दुर्बीण घेतली आणि ती विजेच्या मोटारीने फिरवणारी बैठकही घेतली. आपण सगळे तिला माउंटच म्हणतो. आपले मंडळ त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर वाढले ते या दुर्बिणीभोवती. माउंटला संगणक जोडला तो दिवस जुन्या सभासदांना आठवत असेल. आता पडद्यावरच्या नकाशात गुरूवर टिचकी मारायची की दुर्बीण आपोआप गुरूकडे वळणार, म्हणून आपण सगळे माना उंचावून उभे. टिचकी मारली. मोटार घरघरली, दुर्बीण वळली आणि तिने सावकाश मान खाली घालून गच्चीच्या फरशीवर नजर लावली.

"ही तर साष्टांग नमस्कार घालतेय!" कोणीतरी म्हणाले. मग वायर, मोटार, प्रोग्राम अशा सगळ्यांवर एकदमच संशय सुरू झाला. एकाने वायर काढली, दुसऱ्याने लावली. नलिनीताई खुर्चीवर बसून ऐकत होत्या. गलका थांबल्यावर म्हणाल्या, "दुर्बिणीला कशाला बोलता? ती पनवेलमध्ये नाहीच आहे. रेखांश घालताना पूर्वेच्या जागी पश्चिम राहिलंय. तिच्या मते आपण अमेरिकेजवळच्या समुद्रात उभे आहोत, आणि तिथून गुरू पायाखालीच असणार." एक अक्षर बदलले आणि दुर्बीण गुरूकडे वळली. ती चूक माझीच होती हे त्यांना ठाऊक होते. पण चारचौघांत त्या ते कधीही बोलल्या नाहीत.

त्यांच्या मायेचीही एक तऱ्हा आहे. माझी पत्नी गेली तेव्हा लोक आले, हात हातात घेऊन बसले, आत्म्याच्या अमरत्वाबद्दल बोलले. आयुष्यभर मी ज्याच्याशी वाद घातला ते सारे मी निमूट ऐकले. नलिनीताई आल्या नाहीत. काही दिवसांनी त्यांचा फोन आला. "शनिवारी वर या. दुर्बिणीचं झाकण काढायला माणूस नाही."

"ताई, माझं मन नाही लागणार."

"मन घरी ठेवा. मला हात हवेत."

मी गेलो. झाकण काढले. कोणताही संगणक जोडला तरी माउंट चालू केल्यावर पहिला तारा माणसाने दाखवावा लागतो. शेजारच्या छोट्या दुर्बिणीतल्या फुलीवर तो आणायचा आणि सांगायचे, हा बघ, हा चित्रा. तेवढे कळले की मग बाकीचे आकाश तिला सापडते. मी तारा फुलीवर आणत होतो तेवढा वेळ माझे दुःख कुठे होते, मला सांगता येणार नाही. पुढच्या शनिवारीही गेलो. त्यानंतर जातच राहिलो.

मधल्या काळात आपण पांगलो. कोणाची मुले मोठ्या वर्गात गेली, कोणाची नोकरी लांब गेली, बाकीच्यांना फोटो मोबाइलवर मिळू लागले. नलिनीताईंच्या गुडघ्यांनी दगा दिला. लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही आणि शेवटचा जिना त्यांना चढवत नाही. मग त्यांच्या मुलाने, अमेयने, परदेशात बसून सगळी जुळवाजुळव केली. माउंटपाशी एक लहान संगणक, दुर्बिणीला कॅमेरा, आणि खाली ताईंच्या टेबलावर लॅपटॉप. आता त्या दुसऱ्या मजल्यावर बसून शनी गाठतात. अमेय तर समुद्रापलीकडून पनवेलची दुर्बीण फिरवतो. त्याला झाकण मात्र काढता येत नाही.

एका शनिवारी उरणच्या सभेहून यायला मला उशीर झाला. ताई लॅपटॉपसमोर बसल्या होत्या, फोन स्पीकरवर होता आणि गच्चीवर होत्या घरतकाकू. ज्या जमिनीवर ती इमारत उभी आहे ती एकेकाळी काकूंच्या सासऱ्यांची शेती होती. तळमजल्यावर त्या राहतात.

"उजवीकडचं बटण दाबा काकू, हलकेच."

"दाबला. गेली ना वं तुमची चांदनी!"

"आता डावीकडचं."

"हां, आली! आली मदी!" आणि लगेच, "पन काय वं बाय, तुमचा कॉम्पुटर एवरा शाना, नि त्याला येक चांदनी दाखवाला मानूस लागतं?"

"लागतं ना. नाहीतर तुम्ही वर गेला असता का?"

"मी तं पापर उचलाला आलेली!"

ताई हसल्या. खूप दिवसांनी इतक्या मोकळ्या हसल्या.

त्या संध्याकाळी मी त्यांना विचारले, हल्ली कॅमेरा स्वतःच तारे ओळखतो, झाकणही मोटारीने उघडते, मग अमेय ते का बसवत नाही? "त्याने केव्हाच पाठवलंय," त्या म्हणाल्या. "कपाटात खोकं आहे, उघडलं नाही. ते बसवलं तर वर यायचं कोणाला कारणच उरणार नाही."



मित्रहो, हे खोके नीट लक्षात ठेवा. ज्या दिवशी ते उघडावे लागेल, त्या दिवशी दुर्बीण चालू राहील आणि आपले मंडळ संपलेले असेल. आकाश पळवणाऱ्यांविरुद्ध मोर्चा काढू, जरूर काढू. पण शनिवारी संध्याकाळी लॅपटॉप उघडून, वरून हाक येईल म्हणून एक बाई वाट पाहत बसते, तेव्हा तिथला अंधार कोणत्याही यार्डाच्या दिव्यांनी नेलेला नाही. तो आपण आणला आहे. मी आता लेकीकडे नाशिकला कायमचा राहायला चाललो आहे. काकूंचे पापड उन्हाळ्यापुरते. वर जाणारे दुसरे कोणी नाही.

नलिनीताईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभावे, त्यांची नजर आणि जीभ दोन्ही अशाच धारदार राहाव्यात. देवाकडे मागण्याची मला सवय नाही, म्हणून तुमच्याकडे मागतो. हा ग्रंथ हाती येईल त्या आठवड्यातल्या शनिवारी, सूर्य मावळला की त्यांच्या इमारतीत जा. गच्चीची किल्ली घरतकाकूंकडे आहे. वर चढा, झाकण काढा, पहिला तारा फुलीवर आणा, आणि खाली फोन करून सांगा, "ताई, आला."