सवतीच्या कोंबड्यांत माझी पिल्लं

मी बिजवराला दिलेली. माहेर चाळीसगावाकडचं, सासर शिंदखेड्याच्याही पलीकडे. बाप गेलेला, आणि भाऊ म्हणाल तर भावजयीच्या मुठीत. त्यानं लग्न लावून दिलं आणि हात झटकले मेल्यानं.

सासरी तीन माणसं. नवरा शेतातून यायचा, जेवायचा, ओट्यावर जाऊन पडायचा. 'पाणी' आणि 'भाकर' ह्यापलीकडे माझ्याशी बोलल्याचं मला आठवत नाही. सासू तोंडाची फटकळ, पण मनानं वाईट नव्हती. तिसरी पोर, सवतीची, सहा-सात वर्षांची. सवत दुसऱ्या बाळंतपणात गेली होती, बाळासकट. पोर मला कसलीच हाक मारत नसे. काही हवं असलं की समोर येऊन उभी राहायची, आणि मी बघेपर्यंत तशीच उभी. कधी कधी मी मुद्दाम बघत नसे. वाटायचं, आता तरी 'ए' म्हणेल. कसली म्हणतेय!

घरात जे जे होतं ते सवतीचं. तवा तिचा, पाटा तिचा, पाण्याचा हंडा तिचा. "तो तांब्या तिना शे, जपीसन घास," सासू सांगायची. अंगणातल्या कोंबड्यासुद्धा तिच्याच. शेजारणी दारातून जाताना म्हणायच्या, 'तिन्या कोंबड्या चांगल्या शेतस हो,' आणि दाणे टाकत उभी असायची मी! मला काही सोनंनाणं नको होतं. ह्या घरात एक तरी चीज अशी असावी, की कुणाची म्हणून विचारलं तर लोकांनी माझ्याकडे बोट दाखवावं. बस, एवढंच.

मग आखाजी आली. आमच्या खानदेशात आखाजीला लेकी माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. गल्लीतल्या एकेका सुनेला न्यायला गाडी आली. मला कोण येणार होतं? तरी मी धुवट लुगडं नेसून दारात उभी राहिले, बावळट. ऊन कललं, गल्ली ओस पडली, तेव्हा आत येऊन भाकरी थापायला बसले. डोळ्यांतलं पाणी पिठात पडलं. भाकरी कुणाला खारट लागली नाही, लागली असली तरी कुणी बोललं नाही.

शेजारच्या अक्कांनी मला दारात पाहिलं असावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीवरून हाक मारली. त्यांच्या खुडूक कोंबडीखाली अंडी फुटून पिल्लं निघाली होती, आणि सकाळीच मुंगूस कोंबडीला घेऊन गेलं होतं. टोपलीत पिल्लांचा नुसता चिवचिवाट. "ह्या बिनमायना पिल्ला, काय जगतीन आते?" अक्का म्हणाल्या.

"माले द्या," माझ्या तोंडून निघून गेलं.

अगं बाई, काय ते हाल! एका फुटक्या गाडग्यात कापूस घातला, गाडगं चुलीच्या उबेला ठेवलं. बाजरीची कणी भिजवून बोटावर धरायची, तेव्हा कुठे एकेक चोच लागायची. नारळाच्या करवंटीत पाणी ठेवलं तर त्यात पाय घालून गारठून बसायची, मूर्ख कुठली! मी पदरात घेऊन पुसायची, आणि पुसता पुसता शिव्या द्यायची. पण जगली. थोड्या दिवसांनी मी उठले की ती उठायची, मी बसले की माझ्या पायांशी येऊन बसायची. दळायला बसले तर जात्याभोवती. इतकी मोठी झाले, पण माझ्यामागे असं कुणी लागलं नव्हतं. मी त्यांच्याशी बोलायची, सगळं सांगायची, भावाचं, भावजयीचं. पोर दारात उभी राहून ऐकायची. मी हात पुढे केला की पळून जायची.

पिल्लांना पिसं फुटली, चुलीपुढे घाण व्हायला लागली, तशी सासू म्हणाली, "आते बस व्हयनं. खुराडामां टाक त्यास्ले." मी भर दुपारी त्यांना अंगणात सोडलं. मला वाटलं, कोंबडी ती कोंबडी, त्यात नवीजुनी काय? पण त्या म्हाताऱ्या कोंबड्या अशा तुटून पडल्या की विचारू नका. धूळ आणि पिसं, दुसरं काही दिसेना. एका पिल्लाचं डोकं फोडून लाल केलं. मी हाती लागलं ते लाकूड फेकलं, ते मोठ्या तांबड्या कोंबडीला लागलं, आणि मागून पोर किंचाळली:

"मन्ही मायनी कोंबडी शे ती!"

त्या घरात येऊन मला कितीतरी महिने झाले होते, आणि पोर माझ्याशी पहिल्यांदा बोलली ती हे. डोकं फुटलेलं पिल्लू माझ्या पदरातच गेलं. मी उकिरड्यामागे खड्डा करून त्याला पुरलं. पोर लांबून बघत होती.

सासूनं सगळं पाहिलं आणि विचारलं, "तिले विचारं का तू?"

हे विचारणं काय, ते सांगते. दुसरेपणाच्या बायकोच्या गळ्यात सवतीचा टाक असतो. चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. नवं लुगडं आधी त्या टाकाला दाखवायचं, मग नेसायचं. गोडाचा घास आधी तिला. टाक गळ्यातून कधी काढायचा नाही. तर सासूचं म्हणणं, तिच्या कोंबड्यांत परकी पिल्लं घातली, तिला न विचारता, मग ती कशी ऐकून घेईल?

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मेली ती मेली, आता कोंबड्यांतही तिचीच सत्ता? पण उरलेल्या पिल्लांचा जीव टांगणीला लागलेला. मी अंघोळ करून आले, स्वतःच्याच गळ्याशी चाचपडत टाकाला हळदकुंकू लावलं आणि पुटपुटले, 'बाई गं, तुझं सगळं तुझं. ही एवढी मला राहू दे.'

पुढचं सासूनं शिकवलं. पिल्लं अंगणात डाल्याखाली झाकून ठेवायची. बांबूचं डालं, आतलं बाहेर दिसतं, चोच मात्र पोचत नाही. दाणे आतही टाकायचे आणि बाहेरही. पहिल्यांदा म्हाताऱ्या डाल्याला टोचा मारत फिरल्या, मग कंटाळल्या, मग डाल्याला टेकून धुळीत लोळायला लागल्या. मी ओट्यावर बसून डोळ्यांत तेल घालून बघायची. हळूहळू पोरही ओट्याच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसायला लागली.

एक दिवस सासू म्हणाली, आज त्यांना खुराड्यात घालू. ते दुसऱ्या महायुद्धाचे दिवस, लढाईमुळे रॉकेल मिळत नव्हतं, सगळं दिवस मावळायच्या आत उरकायचं. आमच्या चुलीतली राख घेतली आणि सगळ्यांना चोळली, म्हाताऱ्यांना आणि पिल्लांनाही. एकाच चुलीची राख अंगाला लागली की कोण आपलं, कोण परकं, ते त्यांना उमगत नाही म्हणे. तांबडी कोंबडी पोरीनं धरली, राख मी चोळली. म्हाताऱ्या खुराड्यात जाऊन बसल्या, मग मी एकेक पिल्लू मागून आत सरकवलं आणि फळी लावली.

सकाळी उजाडताच मी फळी काढली. सगळी बाहेर आली, राखुंडी, एकमेकांत घुसून. तांबडीनं एका पिल्लाकडे मान वाकडी करून पाहिलं आणि शेजारीच दाणे टिपायला लागली. पोर टाळ्या पिटत अंगणभर नाचली. मीही हसले, मोठ्यानं. त्या घरात पहिल्यांदाच.

"जाय वं, आते मायना पाय पड," सासू पोरीला म्हणाली. "तिनी ऐकं."

टाक काढायचा नसतो, म्हणून मला पाटावर बसवलं. पोर बोटाला हळद घेऊन आली, गुडघ्यांवर बसली, टाकाला हळद लावली आणि त्यावर कपाळ टेकलं.

"माय," ती हळूच म्हणाली, "तुन्या कोंबड्या वाढन्यात."

माझ्या अगदी ओठांवर आलं, अगं, त्या माझ्या आहेत, मी जगवल्या. पण पोरीचा ऊन ऊन श्वास माझ्या गळ्याला लागत होता. इतक्या मायेनं माझ्या इतक्या जवळ कुणी कधी आलं नव्हतं, नवरासुद्धा नाही. बोलले असते तर तिनं डोकं उचललं असतं. पाटावर तशीच बसून राहिले, टाकामागे मी आहे हे तिला जाणवू नये म्हणून श्वास धरून.