आत्याबाईंना उचलण्याआधी

जालन्यातल्या मस्तगडच्या आमच्या दोन खोल्यांत व्यायामाची केटलबेल आली, ती आत्याबाई माझ्या हातून निसटल्या म्हणून. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. उजव्या अंगावरून वारं गेल्यापासून त्या खाटेवरच. एके दिवशी त्यांना खुर्चीत घेताना माझी कंबर लचकली, हात सुटले आणि त्या फरशीवर आल्या. लागलं काही नाही. "पडले न्हाई मी, बसले," असं त्याच सगळ्यांना सांगत राहिल्या. पण गावाकडे थोरल्या दिरांना कळलंच. त्यांचा फोन आला: महिन्याभरानं गाडी घेऊन येतो, मायला इकडं आणतो. इथं उचलायला चार माणसं आहेत.

बोलणं खरं होतं, म्हणून तर जास्त लागलं. मी कोकणातली, सातवीत शाळा सुटलेली. लग्न होऊन जालन्यात आले तेव्हा भाकरी घशाखाली उतरायची नाही आणि इथलं बोलणं निम्मंच कळायचं. पहिलं वर्षभर आत्याबाईंनी माझ्यापुरता भात वेगळा लावला. कुणी हसलं तर म्हणायच्या, "तिच्या पोटाला सवय न्हाई, मंग काय उपाशी ठेवू का?" माहेर इतकं लांब की दोन-दोन वर्षं जाणं होत नाही. इथं माझं म्हणावं असं माणूस त्याच, आणि आता माझ्यामुळे त्यांनाच घर सोडावं लागणार होतं.

आत्याबाईंचा व्यायाम घ्यायला आठवड्यातून दोनदा एक मॅडम यायच्या. मी भीत भीत विचारलं, माझ्या अंगात ताकद कशी येईल? त्यांनी माझी कंबर तपासली, थोडे दिवस थांबवलं आणि मग आठ किलोची केटलबेल आणायला सांगितली. आमच्या ह्यांनी ती नवीन जालन्यातल्या दुकानातून मोटारसायकलवर आणली. काळा लोखंडी गोळा, वर जाड कडी. आत्याबाई बघून म्हणाल्या, "हे तं मोंढ्यात धान्य मोजायचं माप हाय. आता घरात ज्वारी मोजायची का?"

मॅडमनी ती फक्त जमिनीवरून उचलायची आणि ठेवायची, एवढंच सांगितलं होतं. पण मोबाइलवर मी एका मुलीला ती पायांमधून झोक्यासारखी फिरवताना पाहिलं. मला घाई होती. दुसऱ्या दिवशी हे कामावर गेल्यावर दार लावलं आणि झोका दिला. गोळ्यानं मलाच पुढं ओढलं. पायावर पडेल या भीतीनं मी मटकन खाली बसले.

"काय करून राह्यलीस?" आत्याबाई ओरडल्या. "घरात एक जण खाटंवर हाय ते पुरं न्हाई का?"

पुढच्या वेळी मॅडमसमोर साधंच उचलून दाखवलं, तर त्या हसायला लागल्या. गोळा वर आला की मी तो नकळत डाव्या कमरेवर घेत होते. लहानपणापासून विहिरीवरून कळशी तशीच आणलेली. हातात वजन आलं की कंबर आपोआप बाहेर. मग लक्षात आलं, आत्याबाईंनाही मी तशीच डावीकडे ओढून उचलत होते.

"वजन दोन्ही पायांच्या मधोमध," मॅडम म्हणाल्या. "दोन्ही हातांत ताटं असली की मागचं दार कशानं लोटता?"

"बुडानं," खाटेवरून उत्तर आलं.

"बराबर, आज्जी. तसंच बूड मागं न्यायचं आणि पाठ सरळ ठेवायची."

मग रोज सकाळची कामं उरकली की गोधडीच्या घडीवर केटलबेल ठेवून पाच वेळा उचलायची, दम घ्यायचा, परत पाच. मोजायचं काम आत्याबाईंनी घेतलं. माझी पाठ जरा वाकली की त्या पुढचा आकडाच म्हणायच्या नाहीत. "तीन. तीन. अजून तीनच. चोर हायेस तू." पाच व्हायला माझे कधी कधी नऊ व्हायचे.

कंबर दुखायची थांबली तेव्हा मॅडमनी आत्याबाईंना उचलायला शिकवलं. खुर्ची खाटेला लावायची, त्यांच्या कमरेला रुंद पट्टा बांधायचा आणि त्यांनाच डाव्या पायावर जोर द्यायला सांगायचं. तो पाय चांगला भक्कम होता. इतके दिवस मी एकटीच ओढत होते. आत्याबाई, तुम्ही पण रेटा, असं म्हणायचं मला सुचलंच नव्हतं.

ठरल्याप्रमाणे दीर आले. धाकट्या भावाच्या बायकोशी ते सरळ बोलत नाहीत, सगळं आईकडून. "माय, सामान भरा म्हणावं."

"आधी मला खुर्चीत बसू दे," आत्याबाई म्हणाल्या आणि माझ्याकडं बघितलं.

मी तळहात पदराला पुसले. पदराला पुसले. त्यांच्या कमरेला पट्टा बांधून धरला, बूड मागं नेलं. "आत्याबाई, रेटा." त्यांनी डावा पाय रोवला. आम्ही दोघी एकदमच वर आलो, वळलो, आणि त्या खुर्चीत अलगद टेकल्या.

दीर म्हणाले, "माय, मंग यायचं न्हाई का?"

"येईन की, उन्हाळ्यात पंधरा दिवस. पण हिला बी न्यावं लागंल. तुमच्या चार माणसाला बिलकुल येत नसंल हे."

दिरांनी चप्पल दाराशी काढली आणि पहिल्यांदाच सरळ मला विचारलं, "पाय कुठं ठेवले तुम्ही? परत एकदा दाखवा बरं."

मी आत्याबाईंच्या कमरेचा पट्टा त्यांच्या हातात दिला आणि खाटेजवळ त्यांना जागा करून दिली.