पाच वाजताची फेरी

२७ फेब्रुवारी २००९, शुक्रवार. त्या दिवशीच्या माझ्या डायरीत एकच ओळ आहे : 'बिल्डच्या पायऱ्या टाइप करून साहेबांना पाठवणे.' पायऱ्या जुळारीकाकांच्या वहीत होत्या, पेन्सिलीने लिहिलेल्या. अक्षर इतकं स्वच्छ की टाइप करायची खरं तर गरज नव्हती. पण वही काकांची होती आणि काकांचा तो शेवटचा दिवस होता.

काका म्हटलं की आमच्या ऑफिसातल्या कोणालाही पाच वाजताची फेरी आठवेल. बरोब्बर पाचला ते उठायचे. कानावर पेन्सिल, हातात वही, आणि बारा टेबलांमधून एक चक्कर. प्रत्येक खुर्चीपाशी एकच प्रश्न, "टाकलंस?" म्हणजे दिवसभरात लिहिलेला कोड सामाईक फोल्डरमध्ये टाकलास का.

"अंकल, दोन मिनिटं," निलेश रोज म्हणायचा.

"दोन मिनिटं तू सकाळपासून मागतोयस. दार लावलं की उद्याच उघडेल हां."

दार वगैरे काही नव्हतं. पण फेरी संपल्यावर आलेला कोड काकांनी घेतला, असं मी सात वर्षांत पाहिलं नाही.

आम्ही एका परदेशी गिऱ्हाइकासाठी गोदामांचं सॉफ्टवेअर करायचो. बारा जण बारा तुकडे लिहायचे. ते एकत्र करून, ठरल्या क्रमाने बांधून, गिऱ्हाइकाला चालवता येईल असा एक प्रोग्रॅम तयार करायचा, याला बिल्ड म्हणतात. ते काम काकांचं. गावी, गासला, त्यांनी एकदा शेजाऱ्याला सांगितलं की मी उमेळ्याला बिल्डचं काम करतो. शेजाऱ्याने लगेच वन-रूम-किचनचा भाव विचारला. त्यात त्याचंही चुकलं नाही. आमचं ऑफिस ज्या इमारतीत होतं तिथे पूर्वी केळीची वाडी होती, आणि ती कोणाची, कोणत्या भावाने आधी विकली, हे काकांना तोंडपाठ होतं.

जुळारी हे नाव त्यांनी स्वतःच घेतलेलं. ऐन तारुण्यात ते मुंबईच्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचे. खिळ्यांचे दिवस संपले, छापखाना बंद झाला. मग चाळिशी ओलांडल्यावर नालासोपाऱ्याच्या एका क्लासात, मुलांच्या वयाच्या पोरांबरोबर बसून ते संगणक शिकले. "मी तेव्हाही जुळारी, आताही जुळारी," म्हणायचे. "तेव्हा बोटं काळी व्हायची, एवढाच फरक."

चूक कोणाची हे ते कधीच सांगत नसत. कोणी नवी फाईल टाकायला विसरायचं, कोणी कोडमध्ये स्वतःच्या संगणकाचा पत्ता तसाच ठेवायचं. बिल्ड अडला की काका जुन्या फाइली चाळून, त्या माणसाच्या यंत्रावर जाऊन हरवलेलं शोधायचे आणि मुकाट्याने जागेवर बसवायचे. मी त्यांची वरिष्ठ. एकदा मी नाव विचारलंच. म्हणाले, "मॅडम, प्रुफातली चूक छापखान्यातच मरायला हवी. बाहेर कशाला न्यायची?" फक्त दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या टेबलावर सुकेळीचा एक तुकडा असायचा, घरच्या वाळवलेल्या केळ्यांचा, कागदात गुंडाळलेला. सुकेळी मिळाली की समजायचं, काल आपण माती खाल्ली होती. प्राजक्ता नवीन होती तेव्हा तिला सलग चार दिवस मिळाली. ती खूश. पाचव्या दिवशी कोणीतरी अर्थ सांगितला तेव्हा बाथरूममध्ये जाऊन रडली.

जानेवारीत साहेबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, मला केबिनमध्ये बोलावलं. गिऱ्हाइकाकडे मंदी होती, माणसं कमी करा असं तिकडून आलं होतं. कोड यापुढे फोल्डरमध्ये नाही, इंटरनेटवरच्या एका साइटवर ठेवायचा. ती साइट एका बिल्ड सर्व्हरला जोडायची. कोणीही कोड टाकला की सर्व्हरला निरोप जाईल, तो बिल्ड करील, आणि झाला की बिघडला ते सगळ्यांना मेलने कळवील. जोडणी मी करायची, महिनाअखेरच्या आत दाखवायची, आणि फेब्रुवारीअखेर काकांना मोकळं करायचं.

"त्यांना टेस्टिंगला घेऊ या," मी म्हटलं.

"वय बघा ना मॅडम."

मी केबिनमधून बाहेर आले आणि काकांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. असल्या गोष्टी गोडीगुलाबीने सांगता येतात यावर माझा विश्वास नाही. त्यांनी वही मिटली. त्यांच्या मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं, हे आम्हां दोघांनाही माहीत होतं.

"तुम्हाला जोडणी येते?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग सोमवारपासून बसू या."

बसलो. साइटवरच्या सूचना त्यांनी माझ्याआधी वाचल्या, तर्जनी पडद्यावर ओळीखालून फिरवत. सर्व्हरला काय काय करायला सांगायचं, त्याच्या बावीस पायऱ्या त्यांनी लिहून दिल्या. जोडणी चार दिवसांत झाली. निलेशने कोड टाकला, सर्व्हर जागा झाला, आणि सात मिनिटांनी सगळ्यांच्या पडद्यावर लाल अक्षरांत मेल आली : बिल्ड अयशस्वी. खाली निलेशचं नाव.

मग रोज लाल. दहा दिवस रोज. गिऱ्हाइकालाही त्या मेल जात होत्या. ऑफिसात लोक एकमेकांशी वाकडं बोलू लागले. साहेब वैतागले. "अजून चार दिवस बघतो. नाहीतर राहू दे ते यंत्र, आपली जुनी पद्धत बरी."

यंत्राला काय कमी पडतंय ते मला कळलं होतं. बावीस पायऱ्यांमध्ये काकांनी स्वतःची दुरुस्ती लिहिलीच नव्हती. लपवली नव्हती, त्यांना ती पायरी वाटतच नव्हती. चहाच्या वेळी मी त्यांना गॅलरीत गाठलं.

"काका, तुम्ही रोज हाताने काय काय नीट करता, ते कोणाला सांगू नका. मलाही नको. चार दिवस गप्प राहा, नोकरी राहील."

ते खालच्या उरल्यासुरल्या वाडीकडे बघत राहिले. "म्हणजे मी काहीतरी लिहायचं राहिलं?"

मी बोलायला नको होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वहीची तीन पानं माझ्यापुढे ठेवली. कोणती फाईल हमखास हरवते आणि ती कुठून उचलायची. कोणते पत्ते तपासायचे. तिसरा भाग दोनदा बांधावा लागतो, पहिल्या खेपेला तो पडतोच. नाव एकाचंही नव्हतं.

"तुम्हाला कळतंय ना काय करताय ते?"

"अर्धवट जुळवलेला फर्मा मी कधी छपाईच्या मशीनवर चढवला नाही मॅडम," ते म्हणाले. "आता या वयात कुठे सुरू करू?"

मला त्यांचा राग आला. अजून आहे. पानं फाडून टाकता आली असती. मी ती सर्व्हरला शिकवली. संध्याकाळी मेल हिरवी आली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि साहेबांनी सगळ्यांसाठी सामोसे मागवले. काकांनी दोन खाल्ले.

शेवटच्या शुक्रवारी पाच वाजले तेव्हा ते उठले नाहीत. सगळ्यांच्या माना वर झाल्या. "काका, फेरी?" प्राजक्ताने विचारलं.

"साइटवर टाकलंस ना? मग झालं."

सहाला त्यांनी डबा पिशवीत घातला, माझ्या टेबलापाशी आले. "येतो मॅडम."

"या," मी म्हटलं. पुढे वर्षभर त्यांनी वसईपासून विरारपर्यंत अर्ज दिले, असं निलेशकडून कळलं. कुठेच काही जमलं नाही, असंही त्यानेच सांगितलं. मुलीचं वर्ष पुरं झालं की नाही, हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी नियमाप्रमाणे सर्वांत आधी काकांचं लॉगिन बंद केलं. दहा मिनिटांत कोणीतरी कोड टाकला आणि लाल मेल आली. सर्व्हरला कोड मिळेना. जोडणी करताना सर्व्हरला साइटवर शिरायला काकांचंच लॉगिन दिलं होतं. इतके दिवस ते यंत्र त्यांच्याच नावाने आत जाऊन कोड आणत होतं. मी त्यांचं नाव काढलं, तिथे माझं घातलं, माझा पासवर्ड दिला आणि बिल्ड पुन्हा चालू केला. सात मिनिटं लागली. मग काका ठेवून गेलेल्या वहीतून उरलेल्या पायऱ्या टाइप केल्या.