अक्कासाठी बोटीतली खोली

धारवाडच्या मळमड्डीत मुलीसाठी स्थळ बघायचं असेल तर विचारायला घरोघरी माणसं आहेत. बोटीतली खोली बघायची असेल तर मात्र वेणूबाईंकडेच जावं लागतं.

आता धारवाडात बोटीचं काय काम, असं कुणी विचारेल, आणि ते रास्तच आहे. घाट उतरून कारवारकडे गेल्याशिवाय इथल्या माणसाला समुद्र दिसत नाही. गेलाच तर तो पँट गुडघ्यापर्यंत वर करून फोटो काढतो, मासळीच्या वासाला नाक मुरडतो आणि दुसऱ्या दिवशी घरी परत. वेणूबाईंनीही जन्मभर समुद्र फळ्यावरच काढला. शाळेत भूगोल शिकवायच्या. प्रवाह निळ्या खडूने, वारे तांबड्या खडूने. लग्न केलं नाही, दागिन्यांची आवड नाही. निवृत्त झाल्यावर मैत्रिणींच्या घोळक्यात मुंबईहून एका क्रूझवर गेल्या. मैत्रिणी पत्ते कुटत बसल्या आणि या बाई बोटीचे जिने चढत-उतरत राहिल्या. वर जेवढं डुलतं तेवढंच खाली डुलतं का? अगदी पुढच्या टोकाला झोप लागते का? मागच्या टोकाला इंजिनाची थरथर किती? तिथून जी खोड लागली ती लागलीच. आज बाई बारा बंदरांचं पाणी प्यालेल्या आहेत, आणि प्रत्येक बोटीबद्दल त्यांचं स्वतःचं मत आहे. विचारलं नाही तरी ते ऐकायला मिळतं.

तारिहाळच्या एका कारखान्यात इंजिनियर असलेला प्रभंजन, त्यांचा जुना विद्यार्थी, लग्न ठरल्यावर होणाऱ्या बायकोला, पल्लवीला घेऊन सल्ल्याला आला होता.

"बाई, बाल्कनीची केबिन घेऊ की नुसत्या खिडकीची?"

"भांडता काय रे तुम्ही दोघं?"

प्रभंजन "छे" म्हणाला आणि पल्लवी त्याच वेळी "हो" म्हणाली.

"मग बाल्कनीचीच घ्या," वेणूबाई म्हणाल्या. "एकाला बाहेर जाऊन बसायला जागा लागतीय."

अशा या बाईंचं पानही हलत नसे ते घरातल्या अक्कावाचून. पद्माक्का ही त्यांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा वेणू एवढीशी होती. अक्कानेच तिला न्हाऊ-माखू घातलं, शिकवलं, नोकरीच्या पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकापर्यंत पोचवलं. यजमान गेल्यावर अक्का माहेरच्या या घरी आली, आणि तेव्हापासून दोघीच. अक्काचं मडी-सोवळं कडक, देव रोजचे, कांदा-लसूण वर्ज्य. त्यामुळे धाकटी समुद्रावर आणि थोरली देवघरात, अशी वाटणी आपोआप होऊन गेली होती.

पण चौकशीत अक्का धाकटीच्या वरताण. वेणूबाई परत आल्या की पाय धुवायच्या आत प्रश्न सुरू. बोट वळली की ताटातलं सांबार सांडतंय काय ग? समुद्रात तुळस जगंल काय? तिथं कोंबडा नाही, कावळा नाही, मग पडद्याआड उजाडलेलं कसं कळतंय? वेणूबाई तासन्‌तास सांगत. कधी एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसे, तेव्हा त्या तेवढ्यासाठी पुढच्या बोटीचा शोध सुरू करत.

मग अक्काला चहाच्या कपाची कड दिसेनाशी झाली. चहा बशीत, बशीतून लुगड्यावर. हुबळीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती किती टिकेल ते सांगता येत नाही, थेंब मात्र चुकवायचे नाहीत, असं ते म्हणाले. परतताना रिक्षात अक्का थेंबांची बाटली पदराच्या गाठीत बांधत बसली. बोलल्या त्या वेणूबाई, आणि बोलल्या तेही कसं तर सरळ तोंडावर.

"अक्का, नजर आहे तोवर तुला समुद्र दाखवणार मी."

म्हटलं आणि जीभ चावली. पण अक्का शांतपणे म्हणाली, "चल की."

इतक्या वर्षांत जी उंबरा ओलांडत नव्हती ती एका शब्दात तयार झाली, याचं वेणूबाईंना नवल वाटलं. नवल फार वेळ टिकलं नाही, कारण घरी पोचेपर्यंत अटी आल्या. देवघरातला बाळकृष्ण बरोबर येणार. त्याच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, कुणाचं न्हाणीघर नको आणि कुणाची खाटही नको. आणि उत्तरेकडे डोकं करून अक्का झोपणार नाही.

"अगं, बोट आहे ती! वळली की उत्तर पण फिरतीय."

"मग उशी फिरवायची. त्यात काय एवढं?"

उशीचं मिटलं, बाळकृष्णाचं मिटेना. बोटीत केबिनींवर केबिनी रचलेल्या असतात. जाणकार मुद्दाम अशीच केबिन घेतो, जिच्या वरही माणसं झोपलेली आणि खालीही, म्हणजे गोंगाट नाही. वेणूबाईंनी हा नियम अख्ख्या धारवाडला शिकवला होता. आता स्वतःच तो मोडायला बसल्या.

मुंबईहून लक्षद्वीपला जाऊन येणाऱ्या दोन बोटी त्यांच्या नजरेत होत्या. 'नील मयूरी' जुनी, बोळ अरुंद, पण वाढपी प्रेमळ आणि पोळी मऊ. 'अरेबियन ग्रेस' नवीकोरी, लखलखीत, मात्र केबिनीतून जेवायला जायचं म्हणजे मळमड्डीहून सुभाष रोडला जाऊन येण्यासारखं. वेणूबाईंनी दोन्ही बोटींच्या मजल्यांचे नकाशे छापून आणले. एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले, म्हणजे उजेडात खालच्या खोलीवर वरचं काय येतं ते आरपार दिसावं. आठवडाभर घराच्या खिडकीत बोटीच बोटी. दूध द्यायला येणारा गणपत एकदा थबकून म्हणाला, "एन्री अक्कावरे, काय हो हे, घर बांधताय काय?"

'नील मयूरी'त कुठेच जमेना. कुणाची ना कुणाची खाट बाळकृष्णावर येतच होती. आणि मग 'अरेबियन ग्रेस'मध्ये एक केबिन सापडली. वर काही नाही. ना खाट, ना मोरी, नुसती मोठी करडी मोकळी जागा. बाईंनी टाळी वाजवली आणि लगेच तिकिटं काढली. कुणी घेऊन टाकली असती तर?

बोटीवर अक्का चढली ती बाळकृष्णाची डबी पदराखाली धरून. केबिनीत शिरल्यावर तिने आधी भिंत चाचपली, मग दाराची उंच चौकट पायाने तपासली, मग गादीवर बसून दोनदा उसळून बघितली. बाळकृष्ण टेबलावर बसले. वेणूबाई बाल्कनीचा पडदा सारणार, एवढ्यात वरून आवाज आला. धप्प. मग पोरांचा कल्ला. पुन्हा धप्प.

वेणूबाई वर जाऊन बघून आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. ती करडी मोकळी जागा म्हणजे पोहण्याचा तलाव होता. मूळ नकाशात तो निळा होता. बाईंनी मळमड्डीच्या झेरॉक्सवाल्याकडून काळे-पांढरे कागद काढून आणले होते. फळ्यावर जन्मभर निळ्या खडूने समुद्र काढणाऱ्या बाईंना निळ्यानेच दगा दिला. एकाचं न्हाणीघर टाळायला गेल्या आणि सगळ्या बोटीचं न्हाणीघर देवाच्या डोक्यावर आणून ठेवलं!

"अक्का," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या, "वर तलाव आहे ग. माणसं अंघोळ करतायत."

अक्काने छताकडे कान लावला. पोरं खिदळत होती. तिच्या तोंडावर हळूहळू हसू आलं.

"बस की गप. त्याला यमुना मिळाली. गोकुळातनं निघाल्यापासनं बिचारा डबीतच होता."

धर्मशास्त्र इतक्या पटकन वाकतं हे आधी माहीत असतं तर खिडकीच्या काचा एवढ्या पुसाव्या लागल्या नसत्या. पण वेणूबाईंचा जीव भांड्यात पडला. आता एकच काम उरलं, अक्काला दाखवणं. आणि त्यांनी ते असं हाती घेतलं, जणू उद्या परीक्षा आहे.

पहाटे उठवून अक्काला बाल्कनीत उभं केलं. पाण्याच्या कडेला तांबूस रेघ आली, मग सूर्याची कोर. अक्काने हात जोडले, ओंजळभर पाण्याचं अर्घ्य दिलं, घटकाभर बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

"अक्का, बघ ना! आत्ताच तर वर येतोय."

"बघितला."

पाण्यातून उसळणारे मासे दाखवायला ओढत वरच्या मजल्यावर नेलं, तर ही कठड्याला हात लावून डोळे मिटून उभी. बेटाभोवतालचं हिरवं पाणी आलं. लोक ओरडत होते, फोटो काढत होते, आणि अक्का वारा कुठून येतो ते गालाने बघत होती. जेवायला कांदा-लसूण नसलेलं जैन ताट मिळालं, ते तिने मन लावून खाल्लं. आमटीत मीठ जास्त आहे हेही सांगितलं. मग बोळातून परतताना भिंतीच्या कठड्यावर हात ठेवून, पुन्हा डोळे मिटून, एकेक दार मागे टाकत चालत राहिली.

परतीच्या प्रवासाच्या दिवशी वेणूबाईंचा बांध फुटला. केबिनीचं दार लागलं आणि त्या कडाडल्या.

"जिवाचं रान केलं ग मी! तुला दिसावं म्हणून! आणि तू अख्खा वेळ डोळे मिटून हिंडतीस!"

अक्का खाटेवर बसली. तिने उशी खाटेच्या दुसऱ्या टोकाला टाकली, कारण बोट आता उत्तरेला निघाली होती.

"ओरडू नको. समुद्र बघितला की मी. उगवताना बघितला, मावळताना बघितला. छान आहे. पण वेणू, तू मला समुद्राचा निरोप घ्यायला आणल्यासारखं करायलीस. हे बघ, ते बघ, परत दिसायचं नाही." तिने उशी थोपटली. "मला परत यायचंय."

वेणूबाई समोर येऊन बसल्या.

"डोळे गेल्यावर कसली बोट, असं तुला वाटतंय. मला पण वाटत होतं. म्हणून बघत होते जमतंय काय. जमतंय. दारावरचे आकडे वर उठलेले आहेत, बोटाला कळतात. कठडा सगळीकडं आहे. वरची पोरं गप झाली की दुपार झाली असं समजतंय. नाही जमत ते एकच." अक्काने बाल्कनीच्या बंद काचेकडे हनुवटी केली. "इथं आत बसून समुद्र आहे की नाही ते कळत नाही. काच लावली की संपला. आता तू सांग. सगळ्या धारवाडला सांगतीस. डोळे नसलेल्या बाईला कुठली खोली बरी?"

इतक्या बोटी, इतक्या केबिनी, इतकी मतं. आणि या प्रश्नावर वेणूबाईंकडे एकही मत नव्हतं. खिडकी मोठी की लहान, बाल्कनीतून पाणी दिसतं की कडेला टांगलेल्या होड्यांचे दोर, पडदा कसा, उजेड कसा, सगळं डोळ्यांचंच. शाळेत एखाद्या पोराने नकाशात नसलेलं गाव विचारावं तसं त्यांना झालं. आणि त्या पोराचा त्यांना कधी राग येत नसे. उलट त्या घरी येऊन पुस्तकं उपसत. आताही तेच झालं. त्या म्हणाल्या, "ऊठ. बघून येऊ."

"तू बघून काय करतीस? मिट डोळे."

मग बोटीतल्या लोकांनी एक गंमत पाहिली. दोन म्हाताऱ्या हातात हात घालून बोळातून चालल्या होत्या, आणि दोघींपैकी बोट कोळून प्यालेली जी, तिचेच डोळे घट्ट मिटलेले होते. अक्का पुढे. "इथं चौकट आहे, पाय उचल. आता लिफ्ट." मधल्या मजल्यावर फक्त यंत्रांची घरघर. मागच्या टोकाला भांड्यांचा खडखडाट. वेणूबाई दोनदा भिंतीला धडकल्या आणि अक्का दोन्ही वेळा हसली. मग त्या अगदी खालच्या मजल्यावर, पुढच्या टोकाकडे आल्या. इथल्या केबिनी कुणी मागून घेत नाही. वेणूबाईंनी तर कुणाला सुचवल्याही नव्हत्या.

त्या थबकल्या.

"अक्का, थांब. इथं."

"इथं काय?"

"कान लाव."

पोलादी भिंतीपलीकडे समुद्र येत होता. पाण्याचा मोठा लोट येऊन आदळायचा, सरसरत मागे जायचा, पुन्हा यायचा, आणि प्रत्येक वेळी पायाखालची जमीन श्वास घेतल्यासारखी वर उचलली जायची. चादरींची गाडी ढकलत आलेला कर्मचारी दोघींकडे बघून थांबला, मग काही न विचारता बाजूने निघून गेला. अक्का भिंतीला कान लावून कितीतरी वेळ उभी राहिली.

"हीच घे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी."

"घेते," वेणूबाई म्हणाल्या. डोळे मात्र त्यांनी उघडले नाहीत. ते भरून आले होते, आणि अक्काला अजून दिसत होतं.